एर्गोस्टेरॉलचा आकडा जागेवर राहत नाही: रोगकारक बुरशीतली लिपिडं मोजताना वारंवार येणारे बिघाड

तक्रार नेहमीचीच आहे. एकाच फ्लास्कमधल्या पेशी तीन नळ्यांत वाटल्या, पद्धत तीच, करणारा तोच, तरी एर्गोस्टेरॉलचे (बुरशीच्या पेशीपटलातलं, आपल्या कोलेस्टेरॉलसारखं स्टेरॉल) आकडे एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट. फेब्रुवारीत जमलेलं मे महिन्यात जमत नाही, मेमध्ये कसंबसं बसवलेलं जुलैत पुन्हा बिघडतं. मग सगळं बुरशीच्या माथी मारलं जातं: स्ट्रेन (बुरशीचा वाण) बदलला, औषधाला दाद देईनासा झाला. बहुतेक वेळा स्ट्रेन बिचारा निर्दोष असतो. घोळ पाण्यात, उकाड्यात, काचसामानात किंवा बोटांवर असतो, आणि पेशींना हात लावण्याआधी तो पकडता येतो.

इथे विचार फक्त त्या दोन पद्धतींचा केला आहे, ज्या तालुक्याच्या कॉलेजात खरोखर चालतात: पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणीकरण करून (अल्कलीत तापवून तेलांचा साबण करून) यूव्हीवर (अतिनील उजेड किती अडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) एर्गोस्टेरॉल मोजणं, आणि क्लोरोफॉर्म-मेथेनॉलने सगळी लिपिडं (तेलं, स्टेरॉलं असे स्निग्ध पदार्थ) काढून टीएलसीवर (सिलिकाच्या प्लेटवर द्रावक चढवून) वेगळी करणं. बुरशी कॅन्डिडा असो, नायट्याची ट्रायकोफायटॉन असो की तुरीवरच्या मर रोगाची फ्युजेरियम, बिघाड जवळपास सारखेच असतात.

आधी तीन जादा नळ्या

प्रत्येक बॅचमध्ये नमुन्यांबरोबर तीन नळ्या जास्तीच्या लावा. पहिलीत पेशी नाहीत, बाकी सगळं. दुसरीत पेशी नाहीत, पण १०० मायक्रोग्रॅम शुद्ध एर्गोस्टेरॉल. तिसरीत नेहमीचा नमुना आणि वर तेच १०० मायक्रोग्रॅम.

यूव्हीची मूळ कृती अशी. आधी वजन केलेल्या काचेच्या नळीत धुतलेला पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला पेशींचा गोळा) घ्या. त्यावर ३ मिली अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाका (२५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३५ मिली पाण्यात विरघळवून इथेनॉलने १०० मिली करायचं) आणि १ मिनिट व्होर्टेक्स करा (मिक्सरवर जोरात घुसळा). ८५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १ तास ठेवून थंड होऊ द्या. मग १ मिली पाणी आणि ३ मिली हेप्टेन घालून ३ मिनिटं व्होर्टेक्स. वरचा हेप्टेनचा थर काढून इथेनॉलमध्ये पाचपट पातळ करा आणि २३० ते ३०० नॅनोमीटर स्कॅन करा.

आता दुसऱ्या नळीचं गणित. १०० मायक्रोग्रॅम ३ मिली हेप्टेनमध्ये आलं, म्हणजे मिलीला ३३.३, पाचपट पातळ केल्यावर ६.७. एर्गोस्टेरॉलच्या १ टक्का द्रावणाचं १ सेंटिमीटर क्युव्हेटमधलं (यंत्रात द्रावण ठेवायची चौकोनी नळी) अब्सॉर्बन्स, म्हणजे किती उजेड अडला त्याचा आकडा, २८१.५ नॅनोमीटरला २९० धरतात. त्यामुळे वाचन ०.१९ च्या आसपास यायला हवं.

पहिल्या नळीतच ०.०२ पेक्षा जास्त दिसत असेल तर द्रावक, काच किंवा पाणी बघा. पहिली स्वच्छ पण दुसरी ०.१५ च्या खाली असेल तर एर्गोस्टेरॉल साबणीकरणात, थर वेगळे करताना किंवा उजेडात गेलं. दुसरी बरोबर पण तिसरीत नमुन्यापेक्षा पुरेशी वाढ नाही, तर पेलेटमधलंच काहीतरी थर सुटू देत नाही. तिन्ही बरोबर आणि तरीही नमुने एकमेकांशी जुळत नाहीत, तर चूक वजनात किंवा वाढवण्यात आहे.

एक मर्यादा ध्यानात असू द्या: वरून टाकलेलं एर्गोस्टेरॉल पेशीच्या बाहेर असतं. भिंत फुटली की नाही हे तिसरी नळी सांगत नाही. त्यासाठी हेप्टेन काढून घेतल्यावर त्याच उरलेल्या मिश्रणाला आणखी १ तास ८५ अंशांवर ठेवा आणि पुन्हा ३ मिली हेप्टेनने काढा. दुसऱ्या वेळी पहिल्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त निघालं तर एका तासात भिंत पुरती सुटलेली नाही.

यंत्र आणि आकडेमोड

मिलीला १० मायक्रोग्रॅमचं ताजं स्टँडर्ड ०.२९ दाखवतं का, हे रोज सकाळी पाहा. आलेखात २७१, २८२ आणि २९३ च्या जवळ शिखरं स्वतंत्र उभी दिसली पाहिजेत. ती एकमेकांत मिसळून एकच टेकाड दिसत असेल तर स्लिट (यंत्रातली उजेडाची फट) रुंद आहे. ५ नॅनोमीटर बँडविड्थच्या साध्या यंत्रावर असंच होतं, आणि आकडा कमी येतो. शिखरं सगळीच २-३ नॅनोमीटर सरकली असतील तर होल्मियम ऑक्साइडच्या काचेने तपासा, तिची खूण २७९ आणि २८७ जवळ असते. प्लॅस्टिकची क्युव्हेट इथे चालत नाही, क्वार्ट्झच हवी. ड्युटेरियम दिवा अर्धा तास तापू द्या आणि यंत्र स्टॅबिलायझरवर ठेवा. शेजारच्या फीडरवर शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि बेसलाइन हलते.

आकडेमोडीत हमखास एकच चूक सापडते. अब्सॉर्बन्स भागिले २९० हे उत्तर १०० मिलीमागे ग्रॅममध्ये असतं. हेप्टेन तर ३ मिलीच आहे. समजा पाचपट पातळ करून वाचन ०.५८ आलं. ०.५८ ला २९० ने भागून ०.००२, गुणिले ५ म्हणजे १०० मिलीला ०.०१ ग्रॅम. म्हणजे ३ मिलीत ०.३ मिलिग्रॅम. ओला पेलेट २०० मिलिग्रॅम असेल तर ०.१५ टक्के. ३ मिलीचा हिशेब विसरला की ५ टक्के एर्गोस्टेरॉल असलेली कॅन्डिडा तयार होते, जी जगात कुठेच नाही.

२३० नॅनोमीटरला २४(२८)-डीहायड्रोएर्गोस्टेरॉल (एर्गोस्टेरॉलच्या आधीचा टप्पा) दिसतं, त्याचा गुणांक (वरच्या २९० सारखा) ५१८. ते २८१.५ लाही दिसतं, म्हणून एकूणातून वजा करावं लागतं. पण २३० चं वाचन घ्यायचं तर नमुन्यात क्लोरोफॉर्मचा मागमूस नको. क्लोरोफॉर्म २४५ च्या खाली स्वतःच उजेड अडवतो.

ब्लँकच वर येतो

ब्लँक म्हणजे पेशी नसलेली नळी किंवा नुसता द्रावक. तोच वाचन दाखवत असेल तर इथेनॉलपासून सुरुवात करा. शुद्ध इथेनॉलला परवाने लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी डिनेचर्ड स्पिरिट वापरलं जातं, आणि त्यात मिसळलेले पदार्थ यूव्हीत दिसतात. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलच्या ब्लँकमध्ये २४० ते २६५ च्या दरम्यान करवतीसारखे बारीक दाते दिसले तर त्यात बेंझीन आहे. ती बाटली धुण्यापुरती ठेवा. इथेनॉल मिळतच नसेल तर चांगल्या प्रतीच्या मेथेनॉलमध्ये १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड करा. बाथ मात्र मग ६५ च्या पुढे नेताना झाकण घट्टच हवं.

अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड चार दिवसांत पिवळं आणि मग तपकिरी होतं. हा अल्डिहाइडपासून बनलेला राळेसारखा पदार्थ असतो आणि तो थोडाफार हेप्टेनमध्ये उतरतो. द्रावण रोजचं रोज करा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पावसाळ्यात वजन करता करता ओलावतात, तेव्हा आधी अंदाजे जास्त घ्या, झटकन तोला आणि त्या वजनाप्रमाणे इथेनॉल घाला. उलट केलंत तर तराजूवर चिखल होतो.

मग प्लॅस्टिक. क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतो, पॅराफिल्म विरघळवतो, रबरी बूच फुगवतो. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या आणि टिपा तग धरतात, पण त्यांतून प्लॅस्टिसायझर आणि घसरणीसाठी घातलेली अमाइडं बाहेर येतात. टीएलसीवर एक अनोळखी ठिपका दिसतो, जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) १४९ चा आयन. काचेची नळी आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, दुसरं काही नाही.

आणि बोटं. माणसाच्या त्वचेवरच्या तेलात स्क्वालीन (स्टेरॉल ज्यापासून बनतं तो पदार्थ) भरपूर असतं. टर्बिनाफाइन या बुरशीनाशक औषधाने बुरशीत साठतं तेही स्क्वालीनच, कारण औषध स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. नायट्याच्या बुरशीवर टर्बिनाफाइनचा परिणाम बघताना टीएलसी प्लेट उघड्या बोटांनी धरली, तर ज्या ठिपक्याचा शोध चालू आहे तोच बोटाने प्लेटवर उमटतो. केसांना लावलेलं खोबरेल कपाळावरून मनगटापर्यंत येतं, ते ट्रायग्लिसराइडच्या जागी दिसतं. प्लेट कडेला धरा, नायट्राइलचे हातमोजे घाला. पावडरचे लॅटेक्स नकोत.

खारपाणपट्ट्यातलं पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पट्ट्यात, बोअरचं पाणी खारट. इतरत्र ते जड, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचं. डिस्टिलेशन युनिटच्या हीटरवर चुन्याचा थर चढला की उकळी उसळते आणि थेंब तसेच पलीकडे जातात. नावाला डिस्टिल्ड, प्रत्यक्षात अर्धं बोअरचं.

साबणीकरणात याचा परिणाम थेट दिसतो. तेलांपासून सुटलेली स्निग्धाम्लं पोटॅशियमबरोबर विरघळणारा साबण करतात. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर न विरघळणारा साबण होतो, आणि हेप्टेन व पाण्याच्या मधोमध पांढरी साय धरते. ती सायच वरचा थर अडकवून ठेवते. तिसरी नळी कमी येते ती बहुधा यामुळे.

तपासणी सोपी: अंघोळीचा साबण किसून डिस्टिल्ड पाण्यात हलवा. फेस न येता गढूळपणा आला तर पाणी नापास. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर आणखी बरं. हीटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने साफ करा, युनिटला आरओचं पाणी द्या. पण आरओचं पाणी तसंच वापरू नका. त्यातले क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात.

साय धरलीच तर जोरात हलवणं थांबवा. २,५०० ते ३,००० आरपीएमवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. तरी राहिली तर पाण्याच्या थरात चिमूटभर शुद्ध मीठ आणि अर्धा मिली इथेनॉल. सुटलेला वरचा थर निर्जल सोडियम सल्फेटच्या छोट्या थरातून गाळा. काचसामान धुतल्यावर डिटर्जंट उरला असेल तरी असंच होतं. शेवटचे तीन हात डिस्टिल्ड पाण्याचे, मग एक मेथेनॉलचा.

फोल्च पद्धतीत (क्लोरोफॉर्म-मेथेनॉल २:१, ओल्या वजनाच्या २० पट, १९५७ पासून तीच) नुसत्या पाण्याने धुतलं तर मधला थर दुधाळ होतो आणि आम्लधर्मी फॉस्फोलिपिडं वर निसटतात. ०.९ टक्के मिठाचं द्रावण एकूण आकारमानाच्या पाचव्या भागाइतकं घाला. बोअरचं खारं पाणी हा त्याला पर्याय नव्हे, हे विनोदाने का होईना, दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.

क्लोरोफॉर्म-मेथेनॉलच्याच ब्लाय-डायर पद्धतीत (१९५९) गडबड वेगळी. ती पद्धत पाणी असलेल्या ऊतीसाठी आहे. १ ग्रॅम ओल्या पेशींना १ मिली क्लोरोफॉर्म, २ मिली मेथेनॉल, पेशीतलं ०.८ मिली पाणी धरून मिश्रण एकच, पारदर्शक थर राहायला हवं. मग १ मिली क्लोरोफॉर्म, १ मिली पाणी, आणि थर सुटतात. वाळवलेलं मायसीलियम (बुरशीच्या तंतूंचं जाळं) घेतलं तर ते ०.८ मिली पाणी वरून घालावं लागतं. पहिल्याच पायरीला दोन थर दिसले तर पाणी जास्त आहे: थेंब थेंब मेथेनॉल घालून पुन्हा एक करा, आणि नंतरच्या पाण्यात तेवढा हिशेब धरा.

मे महिना

डायएथिल इथर ३४.६ अंशांना उकळतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात पंख्याखालची खोलीसुद्धा चाळिशी गाठते. म्हणजे बाटली उघडली की इथर उकळत्या अवस्थेतच असतो. टीएलसीचं नेहमीचं मिश्रण हेक्झेन-इथर-अ‍ॅसिटिक आम्ल ८०:२०:१ आहे. दहा मिनिटांत त्यातला इथर उडतो, मिश्रण जवळजवळ हेक्झेनच उरतं, आणि स्टेरॉल आरंभरेषेवरच बसून राहतं. "स्टेरॉल चढत नाही" ही उन्हाळ्यातली तक्रार म्हणजे हेच.

बाटली बर्फात थंड करून उघडा. मिश्रण प्रत्येक प्लेटला नवं. चेंबर थर्मोकोलच्या पेटीत, तळाला बर्फाच्या पिशव्या, आणि काम पहाटे ते सकाळी नऊ. इथर टाळायचाच असेल तर एथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळतो. हेक्झेनबरोबर त्याचं मिश्रण करून बघा, पण ठिपक्यांच्या जागा बदलतात, म्हणून स्टँडर्ड शेजारीच चालवा. जुना इथर पेरॉक्साइड तपासल्याशिवाय सुकवू नका: १ मिली इथर, १ मिली ताजं १० टक्के पोटॅशियम आयोडाइड. पिवळं झालं तर ती बाटली कामाची नाही, आणि तापवायची तर मुळीच नाही.

क्लोरोफॉर्म उकाड्यात मायक्रोपिपेटच्या टोकातून आपोआप गळतो. टीप आधी दोन-तीनदा भरून रिकामी करा म्हणजे आतली हवा वाफेने भरते. काचेची सिरिंज मिळाली तर उत्तम.

रोटरी इव्हॅपोरेटरचा कंडेन्सर गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या पाण्यावर चालत असेल तर मेमध्ये तो कंडेन्सर राहतच नाही. नळाचं पाणीच बाथइतकं गरम. कूलरचा छोटा पंप बर्फाच्या बादलीत सोडा आणि तेच पाणी फिरवत ठेवा. बाथ ३५ ते ४० च्या वर नेऊ नका. घाईने ६० केलं की बहु-असंतृप्त आम्लं पेरॉक्सिडाइझ होतात. शेवटचा मिलीभर नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली. नायट्रोजनऐवजी मत्स्यटाकीचा हवापंप लावतात, त्यातला ऑक्सिजन नेमका नको तोच.

कूलर विदर्भात उन्हाळ्याचा आधार, पण लिपिडच्या खोलीत तो ओलावा ओततो. सक्रिय केलेली सिलिका प्लेट कूलरच्या झोतात पाच मिनिटांत ओली होते. सोडियम सल्फेटचे गोळे होतात. वाळवलेलं मायसीलियम तोलताना आकडा वाढत जातो. तोलण्याच्या आणि टीएलसीच्या वेळेपुरता कूलर बंद, डेसिकेटर हाताशी.

उजेडाचंही इथेच. यूव्हीमुळे एर्गोस्टेरॉलचं प्री-व्हिटॅमिन डी२ बनतं. खिडकीतून ऊन पडणाऱ्या ओट्यावर नळ्या तासभर राहिल्या की २८२ चं शिखर खचतं. अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. हेप्टेनचा अर्क उणे २० अंशांवर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, आणि रात्री वीज गेली असेल तर तो अर्क टाकून द्या.

वीज गेली, पेशी बदलल्या

एर्गोस्टेरॉल बनायला ऑक्सिजन लागतो. स्क्वालीन इपॉक्सिडेज आणि त्यानंतरच्या बऱ्याच पायऱ्या त्याच्यावर चालतात. लोडशेडिंगमध्ये शेकर तीन तास थांबला की फ्लास्कच्या तळाशी बसलेल्या पेशींना हवा मिळत नाही आणि स्टेरॉल घटतं. इकडे औषध न देताच औषधाचा परिणाम दिसू लागतो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीपेक्षा जास्त माध्यम घालू नका, आणि शेकर इन्व्हर्टरवर घ्या. फ्रिजपेक्षा त्याला प्राधान्य.

दुसरं तापमान. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. २८ वर लावलेली फ्युजेरियम मेमध्ये ३८ वर वाढत असते, किंवा वाढतच नसते. तापमान वाढलं की पेशी स्निग्धाम्लांची असंतृप्तता कमी करते. म्हणून मार्च आणि मेच्या फॅटी अ‍ॅसिड प्रोफाइलची तुलना करताना आधी इन्क्युबेटरची नोंद बघा. त्यात कमाल-किमान थर्मामीटर कायमचा ठेवा.

वाढीचं वय ठरलेलं हवं. कॅन्डिडाच्या लॉग फेजमधल्या (वेगाने वाढण्याच्या टप्प्यातल्या) आणि तीन दिवसांच्या शिळ्या पेशींत साठवणीची लिपिडं अगदी वेगळी असतात.

वजन आणि गोळे

तंतुमय बुरशीत नमुन्यांमधला फरक सगळ्यात जास्त इथून येतो. ट्रायकोफायटॉन किंवा मॅक्रोफोमिना (पिकांची मुळं-खोडं कुजवणारी बुरशी) द्रवात गोळ्यांनी वाढते. पिपेटने "सारखे" १० मिली घेतले तरी एका नळीत तीन गोळे, दुसरीत सात. सगळा फ्लास्क वजन केलेल्या फिल्टर पेपरवर गाळा, थंड डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, दोन कागदांत हलकं दाबा, मग कातरीने बारीक करून तोला. थोडा भाग वेगळा काढून ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. सुक्या वजनाचं गुणोत्तर त्यावरून. ज्या भागातून लिपिड काढायचं तो ओव्हनमध्ये घालू नका.

फॉस्फोलिपिडमधला फॉस्फेट मोजायचा असेल तर पेशी फॉस्फेट बफरने धुवायच्या नाहीत. ऐकायला बावळट वाटतं, पण बफरची बाटली हाताशी असते.

भिंत फोडायला यीस्टसाठी ०.५ मिलिमीटरचे काचमणी, १ मिनिट व्होर्टेक्स, १ मिनिट बर्फ, असं पाच-सहा वेळा. मायसीलियमला द्रव नायट्रोजन आणि खलबत्ता. गावाकडे द्रव नायट्रोजन नाही असं समजू नका: कृत्रिम रेतनाच्या मात्रा साठवायला पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याचा कंटेनर असतो. भरणीच्या दिवशी रीतसर पत्र देऊन विचारता येतं. आणायला योग्य ड्यूअर (द्रव नायट्रोजनसाठीचं भांडं) हवा; घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये तो भरला तर फुटतो. माणसाला रोग देणारी बुरशी आधी मारल्याशिवाय कोरडी कुटायची नाही. पूड आणि बीजाणू हवेत जातात.

मारण्याची आणि भिंत सैल करण्याची सोय एकाच पायरीत होते: ७५ अंशांचं आयसोप्रोपॅनॉल, १५ मिनिटं. याने लायपेज आणि फॉस्फोलायपेज ही लिपिडं तोडणारी एन्झाइमंही बंद पडतात. ही पायरी गाळली तर काढणीच्या अर्ध्या तासात पेशी स्वतःचीच फॉस्फोलिपिडं तोडते. टीएलसीवर फ्री फॅटी अ‍ॅसिडचा ठिपका जाड आणि फॉस्फोलिपिडच्या प्लेटवर लायसोचे (एक स्निग्धाम्ल तुटलेल्या फॉस्फोलिपिडचे) ठिपके दिसले, तर ते बुरशीचं वैशिष्ट्य म्हणून लिहून टाकू नका. बहुधा पेलेट टेबलावर पडून होता.

एका पद्धतीतला उपाय, दुसरीतला बिघाड

आयसोप्रोपॅनॉलमध्ये १०० मिलीला १० मिलिग्रॅम बीएचटी घालतात, ऑक्सिडेशन थांबवायला. टीएलसी आणि फॅटी अ‍ॅसिडसाठी ते योग्यच. पण बीएचटी २८० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, म्हणजे बरोबर एर्गोस्टेरॉलच्या जागी. यूव्हीच्या नळीत बीएचटी नको.

टर्बिनाफाइनचंही तेच. त्याचं शोषण २८३ जवळ आहे, आणि अल्कलीत ते मुक्त अमाइन होऊन सरळ हेप्टेनमध्ये जातं. औषध वाढवत नेलं तरी एर्गोस्टेरॉल कमी होत नाही, किंवा वाढतंच, असं दिसलं तर आलेखाचा आकार बघा: शिखरं वेगळी उभी नसून टेकाड सपाट असेल तर ते औषध आहे. पेशी तीनदा धुवा आणि तेवढंच औषध टाकलेली, पेशी नसलेली नळी समांतर चालवा. टर्बिनाफाइनसाठी टीएलसीवर स्क्वालीन बघणं जास्त भरवशाचं.

एर्गोस्टेरॉल शून्य

वरुड-मोर्शीच्या संत्र्यावरचा डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) फायटोफ्थोरामुळे होतो. फायटोफ्थोरा बुरशीसारखी दिसते, वाढते, पण ती ऊमायसीट (खऱ्या बुरशीहून वेगळा गट) आहे आणि स्वतः स्टेरॉल बनवत नाही. तिच्यात एर्गोस्टेरॉल शोधून पद्धत दुरुस्त करत बसणं व्यर्थ. तिच्या फॅटी अ‍ॅसिडमध्ये मात्र २० कार्बनची बहु-असंतृप्त आम्लं सापडतात, ती खऱ्या बुरशीत सहसा नसतात. ओळखीला तीच उपयोगी.

कॅन्डिडात शून्य आलं आणि औषध दिलेलंच नाही, तर इआरजी३ सारख्या जनुकातला बदल शक्य आहे. अशा पेशीत स्टेरॉल असतं, पण २८२ ला दिसणारी दुहेरी बंधांची जोडी नसते. फ्लुकोनाझोलने साठणारं लॅनोस्टेरॉलही तिथे दिसत नाही. यूव्ही "स्टेरॉल नाही" असं सांगत नाही, "एर्गोस्टेरॉलसारखं नाही" एवढंच सांगतं. टीएलसीवर लिबरमन-बुर्खार्ड (स्टेरॉलला रंग आणणारं द्रावण) फवारून बघा.

मालासेझिया (त्वचेवर राहणारी यीस्ट) घेतली असेल तर उलट: लिपिड भरपूर निघतं आणि ते माध्यमातलं असतं, कारण तिला वाढायलाच तेल किंवा ट्वीन (स्निग्धाम्ल असलेला डिटर्जंट) लागतं. न पेरलेल्या माध्यमाचा अर्क शेजारी चालवल्याशिवाय त्या प्लेटला अर्थ नाही.

टीएलसीवर शेपट्या

पावसाळ्यात प्लेट ११० अंशांवर ३० ते ६० मिनिटं, डेसिकेटरमध्ये थंड, आणि लगेच ठिपके. ठिपका ३ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, एका जागी ५० मायक्रोग्रॅमच्या वर लिपिड नको. फ्री फॅटी अ‍ॅसिडची शेपटी निघाली तर अ‍ॅसिटिक आम्ल विसरलं. फॉस्फोलिपिडसाठी क्लोरोफॉर्म-मेथेनॉल-पाणी ६५:२५:४. यात पाण्याचा एखादा मिली इकडेतिकडे झाला की सगळी प्लेट बदलते, म्हणून ते मोजूनच. आयोडीनच्या वाफेत संतृप्त लिपिडं फिकी दिसतात, त्यावरून प्रमाण ठरवू नका. दहा टक्के फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल आणि उष्णता जास्त प्रामाणिक.

टाकाऊ आणि पाठवणी

क्लोरोफॉर्मची बाटली वेगळी, काचेची, खुणेची. त्यात साबणीकरणाचा पोटॅशियम हायड्रॉक्साइड ओतायचा नाही आणि काचसामान धुतलेला अ‍ॅसिटोनही नाही. क्लोरोफॉर्म, अ‍ॅसिटोन आणि अल्कली एकत्र आले की मिश्रण भडकून तापतं आणि बाटली फुटते. सिंकमध्ये तर नाहीच, बेसिनचं पाणी पुढे नाल्यात आणि नाल्यातून विहिरीकडे जातं.

जीसी-एमएससाठी नागपूरला किंवा पुण्याला नमुना पाठवायचा तर ओला अर्क नको. पूर्ण सुकवा, २ टक्के सल्फ्युरिक आम्ल असलेल्या निर्जल मेथेनॉलमध्ये ८० अंशांवर १ तास मिथाइल एस्टर करून घ्या (पाण्याचा थेंब राहिला तर हे अर्धवट होतं), हेक्झेनमध्ये काढा, धुवा, पुन्हा सुकवा. सुरुवातीलाच नेमक्या वजनाचं सी१७ (१७ कार्बनचं) स्निग्धाम्ल टाकलेलं असू द्या, नाहीतर तिकडून फक्त टक्केवारी येईल, वजन नाही. तपकिरी काचेची व्हायल, टेफ्लॉनचं झाकण, आत नायट्रोजन, बर्फाच्या पिशव्या. आणि त्याच पेटीत ती पहिली, पेशी नसलेली नळीही पाठवा. तिच्यावर वेगळे पैसे लागले तरी लागू द्या.